बट्टी खाऊन दिलेलं रक्त

लोणखेड्याच्या शांतीलालभाईंनी त्या दुपारी फक्त कूलरसमोर बसायचं ठरवलं होतं. बस, एवढंच. माणूस कूलरसमोर बसला म्हणून त्याचा संसार मोडायला आला, असं कुणी सांगितलं तर तुम्ही हसाल. मीही हसलो होतो. पण शांतीलालभाई पुढचा महिनाभर अजिबात हसले नाहीत.

त्याचं असं झालं. समाजाचा वधू-वर मेळावा होता. आमच्याकडे मेळावा म्हटला की वधू-वर नावाला, खरी गर्दी वरण-बट्टीला. तुपात बुडवलेल्या बट्ट्या, त्यावर वरण, बाजूला घोटलेली वांग्याची भाजी. आणि आग्रह असा की ताटावर हात आडवा धरला तर हातावर तूप ओततील. वाढणारे दर फेरीला एकच म्हणत होते, "भाई, तुम्ही तं काहीच खादं नही!" ही म्हणायची रीतच आहे. माणसानं ताट चाटून पुसून ठेवलं तरी त्यानं काहीच खाल्लेलं नसतं. शांतीलालभाईंनी सात बट्ट्या रिचवल्या. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची, म्हणून तीन रात्री ते पपईला पाणी भरत जागलेले. वरून सात बट्ट्या. डोळे मिटायला लागले.

कार्यालयाच्या मागच्या खोलीत आरोग्य शिबिर होतं. तिथं कूलर होता, खुर्च्या होत्या. शांतीलालभाई आत जाऊन बसले. पण फुकट कूलरची हवा खायची तर काहीतरी केलं पाहिजे, म्हणून तपासणीसाठी रक्त द्यायला हात पुढं केला.

शिबिरातल्या मॅडमनं कागद दिला. कागदावर बरेच चौकोन. आता शेतकरी माणसाला चौकोन दिसला की काय करायचं ते ठाऊक असतं. ठिबकचा अर्ज असो की विहिरीचा, दिसेल त्या चौकोनात खूण करायची, काय मंजूर होईल ते देवाला माहीत. शांतीलालभाईंनी सगळ्या चौकोनांत खुणा केल्या. (त्यात एक खूण गरोदरपणाच्या चाचणीवरही पडली होती. ती मॅडमनं न बोलता खोडली.)

"काका, उपाशीपोटी आहात ना?" मॅडमनं विचारलं.

शांतीलालभाई खरं बोलणारे. पण तासभर कानावर जे पडलं होतं तेच त्यांच्या तोंडून आलं. "समदा तं म्हनी ऱ्हायनात, काहीच खादं नही."

मॅडमनं 'उपाशीपोटी' असं लिहून घेतलं आणि सुई टोचली. शांतीलालभाई तिथंच घोरायला लागले.

तीन-चार दिवसांनी मोबाइलवर रिपोर्ट आला. सगळा इंग्रजीत. भाईंनी बोटानं वर सरकवत सरकवत पाहिला. दोन ठिकाणी लाल अक्षरं होती. एक साखरेपुढे. तिकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, साखर काय, अख्ख्या तालुक्याची वाढलेली आहे. दुसरं लाल अक्षर होतं एका लांबलचक शब्दापुढे. टेस्टोस्टेरॉन. आणि त्यापुढे 'लो'.

भाईंना तो शब्द वाचायला एक चहा गेला. मग ते उठले, गाडीला किक मारली आणि शहाद्याला नवलसिंगच्या खताच्या दुकानात गेले. नवलसिंग म्हणजे भाईंचा शाळासोबती. पिकावर कसलाही रोग पडो, पान दाखवलं की बाटली काढून देणारा माणूस.

नवलसिंगनं मोबाइल लांब धरून वाचला, मग जवळ धरून वाचला, मग दुकानातलं गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला.

"भाई, हाई मर्दानगीनं हार्मोन शे," तो हळूच म्हणाला.

"मंग?"

"मंग काय? कमी शे."

भाईंनी आधी दाराकडे पाहिलं, मग युरियाच्या थप्पीकडे. नवलसिंगनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नको. मातीपरीक्षणना रिपोर्ट ऱ्हास ना, तसंच शे. तठे नत्र कमी निंघनं तं आपण काय करतस?"

"डोस देतस."

"मंग आठे बी डोस देना पडी. लक्षणं सांग. थकवा येस?"

"येस."

"काम कराले कंटाळा येस?"

"येस."

"सांगेल गोष्ट इसरी जास?"

"काय म्हणे?"

"सांगेल गोष्ट... ऱ्हाऊ दे. चिडचिड व्हस?"

"कोण म्हनस चिडचिड व्हस!" भाई इतक्या जोरात ओरडले की बाहेर बांधलेली बकरी दचकली.

"व्हस," नवलसिंग म्हणाला आणि फळीवरून एक डबा काढला. डब्यावर उधळलेला घोडा, घोड्याशेजारी दंड फुगवून उभा पहिलवान, आणि पहिलवानाकडे बघून लाजणारी एक बाई. डोस रोज दोन चमचे, दुधातून. किती महिने? तीन, म्हणजे पीक हाती येईपर्यंत.

आता खरं सांगतो, शांतीलालभाईंना मर्दानगीची अशी काही गरज पडत होती असं नाही. पोरगी मयूरी लग्न होऊन सासरी गेली, पोरगा भावेश बापाच्या डोक्याएवढा झाला. पण लाल अक्षर वाईट असतं. भाईंच्या मनात एकच भीती बसली, ती म्हणजे बायकोच्या, तापीबाईच्या नजरेतून आपण उतरणार. ज्या बाईनं लग्नाच्या वेळी मांडवात चोरून आपल्याकडे पाहिलं होतं, त्या बाईला जर कळलं की आतून माल कमी भरला, तर पुन्हा ती तसं पाहणार नाही. या विचारानं भाईंना एका जागी बसवेना. ओट्यावर बसले की वावर आठवे, वावरात गेले की घर आठवे. दिवसातून चार वेळा आरशात मिशी बघत. ती आहे तिथंच होती, तरी ओढून बघत. फोनवर मुद्दाम खर्जात बोलायला लागले. व्याह्यांनी विचारलं, सर्दी झाली का?

डबा त्यांनी गोठ्यात, चाऱ्याच्या कुट्टीच्या ढिगात लपवला. पहाटे म्हशीची धार काढायचं निमित्त काढून जात, कच्च्या दुधात दोन चमचे ढवळून पीत आणि गव्हाणीला धरून पाच-सात दंड मारत. म्हैस चारा सोडून त्यांच्याकडे बघत राही. तिनं दूध चोरायला सुरुवात केली.

आणि तिथंच गडबड झाली. म्हैस दूध का चोरते हे बघायला तापीबाई स्वतः गोठ्यात गेली. कुट्टी काढायला टोपली खुपसली, तर टोपलीत घोडा, पहिलवान आणि लाजणारी बाई.

तापीबाईनं घोडा पाहिला, पहिलवान पाहिला. बाई मात्र जास्त वेळ पाहिली. मग तिला एकेक गोष्ट आठवायला लागली. आरसा. मिशी. खर्जातला आवाज. शहाद्याच्या चकरा. आणि घरात कुणी विचारलं, कुठं गेले होते, तर अंगावर धावून येणं. तिनं डबा उचलला आणि घरी आणला.

भाई वावरातून आले तर डबा ओट्यावर, मधोमध. तापीबाई शेजारी. डोक्यावरचा पदर घट्ट.

"भावेशना बाप, कधीपासून चालू शे हाई?"

भाईंना वाटलं, कळलंच हिला. आता लपवण्यात काय अर्थ? "मेळावापासून," ते खाली मान घालून म्हणाले.

"तुम्हनं वय काय, तुम्ही करी काय ऱ्हायनात!"

"वयमुळेच तं व्हयनं हाई."

"मले सांगं का बरं नही?"

"लाज वाटनी."

"आखो कोणले माहीत शे?"

"एकटा नवलसिंगले. त्यानीच तं जमाडी दिनं."

तापीबाईनं छातीवर हात ठेवला. नवलसिंग! त्याला तर ती दर दिवाळीला फराळाचा डबा पाठवत होती! "आनि मन्हं काय?"

"तुन्हं काय? तुले काही फरक पडनार नही," भाई तिला धीर द्यायला म्हणाले. "तू फक्त तीन महिना दम धर. तेवढामां समदं ठीक व्हई जाई."

एवढ्या गोड आवाजात एवढा निर्लज्जपणा तापीबाईनं जन्मात ऐकला नव्हता. ती आत गेली, दार लावलं आणि माहेरी फोन केला.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ भरत आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला, म्हणजे मामला गंभीर. चहा नको म्हणाला, म्हणजे फारच गंभीर. भाईंना वाटलं, मेहुणा तब्येतीची विचारपूस करायला आला. त्यांना भरूनच आलं.

"दाजी," भरत घसा साफ करून म्हणाला, "चूक कोणनी बी व्हस. पण त्या बाईनं नाव सांगा."

"कोणती बाई?" भाई गोंधळले. मग त्यांना उमगलं. "हां, ती मॅडम? तिन्हं नाव मी इचारंच नही."

"मॅडम?" भरतनं आत बसलेल्या बहिणीकडे तोंड वळवलं. "तापी, नोकरीवाली शे." आणि पुन्हा भाईंकडे वळून, "नाव बी इचारं नही तुम्ही?"

"काय इचारू? मन्हा नंबर उना, मी हात पुढे कया. दोन मिनिटनं काम. तठे लाइन व्हती ना मन्हामागे."

"लाइन!" भरत खाटेवरून उठलाच.

"आपला समाजनाच लोक व्हतात समदा. तुन्हा चुलता बी व्हता."

भरत मटकन खाली बसला. चुलता पंच्याहत्तरीचा, भजनी मंडळात टाळ वाजवणारा. आतून तापीबाईचा हुंदका ऐकू आला. तो हुंदका भाईंना सहन झाला नाही. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि भरतच्या हातात कोंबला. "हाई दख. काय कमी शे, किती शे, समदं लिखेल शे. पण तिले सांग, रडू नको म्हना. मी मरनार नही."

भरतनं वाचलं. परत वाचलं. मग तोंडावर रुमाल धरला. "तापी," तो रुमालातून म्हणाला, "भायेर ये. बाई-बिई काही नही. दाजीनं रगतमां काहीतरी लो शे."

"लो म्हणजे?"

"म्हणजे... मोबाइलनी बॅटरी लो व्हस ना, तसं."

तापीबाईला दोन वेळा समजावून सांगावं लागलं. मग ती उंबऱ्यातच बसली. आधी रडली. मग हसली. मग रडता रडता हसली आणि पदर तोंडात कोंबला. "एवढंच? एवढासाठे तुम्ही डबा कुट्टीमां दपाडा? मी म्हनं, मन्हं घर बुडनं!" आदली रात्रभर ती जागीच होती, माहेरी किती लुगडी न्यायची याचा विचार करत. ते तिनं भाईंना सांगितलं नाही, मला सांगितलं.

आता गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण शांतीलालभाईंचे सुखाचे दिवस इथून सुरू झाले.

नवऱ्याच्या रक्तातच कमी आहे म्हटल्यावर तापीबाई हळवी झाली. रातपाळीचं पाणी भावेशकडे गेलं. भाईंना रात्री नऊला अंथरूण, सकाळी बदाम. कुणी त्यांच्यावर आवाज चढवायचा नाही. आणि भाईंनी आवाज चढवला तर तापीबाईच शेजाऱ्यांना सांगे, "त्यासना हार्मोन कमी शे ना, त्यामुळे व्हस." भाईंना या शब्दाची किंमत कळली. गिरणीत दळण न्यायचं? हार्मोन. पाण्याची टाकी धुवायची? हार्मोन. मयूरीच्या सासरी सत्यनारायणाला जायचं आणि तिथं मांडी घालून बसायचं? अरे, माणसाचं हार्मोन कमी आहे, काही दयामाया? नवलसिंगचा डबा त्यांनी गुपचूप बंद केला. उगाच गुण आला म्हणजे?

पण तापीबाई काळजी करणारी बाई. तिनं एक दिवस ठरवलं, नंदुरबारला चांगल्या डॉक्टरला दाखवायचं. भाई म्हणाले, कशाला, असंही बरं चाललंय. ती ऐकेना. भावेशनं गाडी काढली. भाईंना वाटलं होतं, असल्या कामाचा डॉक्टर म्हणजे मिशीवाला, जाडजूड, दार लावून बोलणारा असेल. आत गेले तर रोशनी मॅडम. मयूरीच्या वयाच्या. भाईंनी खुर्ची तिरकी केली आणि भिंतीवरच्या किडनीच्या चित्राशी बोलायला सुरुवात केली.

मॅडमनी रिपोर्ट पाहिला. "काका, ही साखर उपाशीपोटी एवढी? काहीच खाल्लं नव्हतं?"

"काहीच नही," भाई किडनीला म्हणाले.

"सात बट्ट्या," तापीबाई म्हणाली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग एकेक करत सगळं बाहेर आलं. वेळ दुपारची. आधी तीन रात्री जागरण. पोटात तूप. रक्त देताना एक डोळा मिटलेला. डब्यावरचा घोडा.

"तुम्ही मातीचा नमुना देता ना तपासायला?" मॅडमनी विचारलं. "माझे बाबा पण पपई लावतात. खत टाकल्या टाकल्या त्याच जागची माती उचलून देता का?"

"अशी कोण देई? येडा शे का कोणी?" भाई पहिल्यांदाच सरळ बसले. या विषयावर ते गावाला भाषण देत. "बांधनी नही लेवानी, उकिरडाजोडेनी नही लेवानी, खत टाकं तं थांबानं..." आणि बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला.

"तसंच हे," मॅडम म्हणाल्या. "हा हार्मोन सकाळी वर असतो, दुपारी उतरतो. जड जेवलं की उतरतो, झोप नसली की उतरतो. तो दिवसभर एकसारखा नसतोच. एका कागदावरून कुणी कमी ठरत नाही. आणि कमी आहे की नाही हेच माहीत नसताना वरून डोस तर अजिबात नाही. तो डबा फेका. उद्या नीट झोपून, खरंच उपाशीपोटी, सकाळी आठला या."

रात्री भाईंना झोपच लागेना म्हणाल तर तसं नाही, ते मस्त झोपले. महिनाभराची सवय होती ना. सकाळी आठला रक्त दिलं, रिपोर्ट दुपारनंतर. तोवर तापीबाईनं मिरचीबाजारात जाऊन वर्षाची मिरची बघून घेतली. भाई शिंकत शिंकत तिच्यामागे फिरत होते. आत जीव नुसता वरखाली होत होता. मेळाव्यानंतरही असाच होत होता, पण तेव्हा ते देवाला म्हणत होते, कमी नको निघू दे. आता म्हणत होते, फार नको, थोडंसं तरी कमी निघू दे रे बाबा. देवही चक्रावला असेल.

संध्याकाळी मॅडमनी रिपोर्ट पुढं सरकवला. "अभिनंदन काका. एकदम चांगला आहे. तुमच्या वयाला हवा तितका. साखर मात्र काठावर आहे, ती सांभाळायची."

भाईंचा चेहरा पपईचा भाव पडल्यासारखा झाला. तापीबाईनं मात्र दोन्ही हात जोडले. मग तिच्या कपाळावर हळूहळू आठी पडली.

"मॅडम, मंग यासनी चिडचिड? ती हार्मोनमुळे नही?"

"नाही."

"दिनभर खाटवर लोळतस, ते?"

"त्यामुळे नाही."

"सांगेल काम इसरी जातस?"

"त्यामुळेही नाही. रक्तात तसं काही दिसत नाही."

तापीबाई खुर्चीत वळली. मग नवऱ्याकडे नीट पाहून म्हणाली, "म्हणजे हाऊ मानूसच असा शे."

बाहेर गाडीपाशी आल्यावर भाईंचं तोंड उतरलेलं. तापीबाईला दया आली. तिनं इकडंतिकडं पाहिलं, भावेश गाडी वळवत होता. "ऐका," ती हळू म्हणाली, "लगीनना टाइमले मी काय तुम्हना रिपोर्ट दखेल व्हता का? तुम्ही जसा व्हतात, तसाच कया ना मी पसंत? मंग? आते कागद काय बी म्हनो." आणि तिनं मांडवातल्यासारखंच, पदराआडून त्यांच्याकडे पाहिलं. भाईंच्या छातीवरचं त्या लाल अक्षराचं ओझं उतरलं. डोळ्यात पाणीच आलं त्यांच्या.

"आज रातपासून पानी तुम्ही भराले जा," ती पुढं म्हणाली. "भावेश भू दमी गया. आनि सकायले दळण."

भाईंच्या डोळ्यातलं पाणी जागच्या जागी आटलं. "थांब," ते म्हणाले, "मन्हा चष्मा मझार राही गया," आणि धावतच परत दवाखान्यात शिरले.

"मॅडम," ते दम खात, हात जोडून म्हणाले, "एक डाव दुपारना टाइमले करी दखूत का? मी रातभर जागस, बट्टी खाईसन येस. थोडं बी 'लो' निंघनं तं तेवढा कागद मले दी द्या. पाया पडस तुम्हना."

"काका, साखर काठावर आहे. बट्टी बंद," मॅडम हसू आवरत म्हणाल्या. "आणि तुमच्या मागं कोण उभं आहे बघा."

दारात तापीबाई उभी होती.

"चष्मा तं तुम्हना नाकवरच शे," ती म्हणाली, आणि मॅडमकडे वळून विचारलं, "हाई बी हार्मोनमुळे नही ना?"